जहाजावर आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं म्हणतात, मग काम हलकं झालंय का? भाच्याला मर्चंट नेव्हीत जायचंय.

भाचा डेकला (म्हणजे जहाज हाकायच्या बाजूला) जाणार की इंजिनला, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी इंजिनातला, थर्ड इंजिनियर, म्हणजे जहाजावरच्या बोलीत 'तीन साब'. तेव्हा खालचंच सांगतो.

माझे काका जहाजावर तेलवाले, म्हणजे इंजिनाला तेल-वंगण घालणारे खलाशी होते. चार तास ड्यूटी, आठ तास सुट्टी, इंजिनरूममध्ये चोवीस तास कोणी ना कोणी असायचंच. आता संध्याकाळी पाचला आम्ही वर येतो आणि सकाळी आठपर्यंत खाली माणूस नसतो. ऐकायला झकास आहे. पण ज्याची ड्यूटी त्याच्या केबिनमध्ये अलार्म पॅनेल असतं, आणि ते रात्री पावणेतीनला कोकलतं. काही मिनिटांत खाली जाऊन दखल घेतली नाही, तर सगळ्याच इंजिनियरांच्या केबिनमध्ये वाजतं. मग सकाळी नाश्त्याला तोंड दाखवायची सोय नाही. बॉयलर सूट चढवायचा, उतरायचं. एकटाच असतो म्हणून दारातच डेडमॅन अलार्म चालू करायचा. ठरलेल्या वेळेत, साधारण अर्ध्या तासाच्या आत, बटण दाबलं नाही तर हा खाली पडलाय असं समजून वर बोंब होते. मागच्या फेरीत असाच उतरलो, तर बिल्जच्या (तळाशी सांडपाणी साचतं त्या जागेच्या) पाण्याची पातळी सांगणाऱ्या फ्लोटला चिंधी अडकलेली! दोन मिनिटांचं काम, पण झोप गेली ती गेलीच.

वर ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथेही तेच. १९९९ पासून नवी रेडिओ यंत्रणा सगळीकडे आली आणि रेडिओ ऑफिसरचं पद गेलं. नकाशे स्क्रीनवर आले, त्यामुळे सेकंड मेटची (नकाशे सांभाळणाऱ्या डेक अधिकाऱ्याची) हाताने चार्ट दुरुस्त करत बसायची कटकट संपली, हे मात्र खरंच सुख. पण माणसं घटली. अवाढव्य कंटेनर जहाजसुद्धा वीस-पंचवीस जण चालवतात. प्युरिफायर (तेल साफ करणारं यंत्र) उघडायचा तर हात अजून काळेच होतात, वर त्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये करा, फोटो जोडा. काल तेल जास्त का जळलं, अशी ऑफिसची मेल आज सकाळी हजर.

वायफायमुळे घरच्यांशी रोज बोलणं होतं. काकांना पत्राची वाट बघत महिना काढावा लागे. जेवण झालं की जो तो आपापल्या केबिनमध्ये, कॅरमवर धूळ.

भाच्याला इलेक्ट्रिकलची आवड असेल तर ईटीओच्या (इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर, जहाजावरचा विजेचा अधिकारी) कोर्सची चौकशी करायला सांगा. सेन्सर बिघडला की आम्ही त्यालाच उठवतो.