परत ठेवलेले पुस्तक

ताई,

निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत घरपोच मागवलेल्या पुस्तकांची अकरा खोकी न उघडताच कपाटावर पडून आहेत, त्यावरून यजमान रोज बोलतात आणि खरेदीची ही सवय कशी मोडावी हे सुचत नाही, असे तुम्ही ठाण्याहून लिहिले आहे. यजमानांचे मी बाजूला ठेवते. खोकी त्यांच्याही डोळ्यांसमोर आहेत, ते बोलणारच. मी अडखळले ती पत्राच्या शेवटी, घाईघाईने लिहिलेल्या एका वाक्याशी: 'पूर्वी एका मैत्रिणीबरोबर दुकानात जात असे, एकदा तिने हातातले पुस्तक परत ठेवले, तेव्हा मी प्रेमाने त्याचे पैसे भरले, पुढे तिचे येणे थांबले.'

बावीस वर्षांची मैत्री, आणि तिच्या वाट्याला एवढीच जागा!

ही मैत्रीण 1893 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची जुनी सभासद आहे आणि मिसळीचे पैसेसुद्धा नेहमी आपले आपणच देत असे, हेही तुम्हीच लिहिता. अशी वाचक दुकानात पुस्तक मधूनच उघडते, दोन पाने उभ्याउभ्या वाचते, किंमत पाहते आणि मनाशी ठरवते, की एकदा वाचून होईल ते संग्रहालयातून आणावे आणि पुन्हा पुन्हा काढावेसे वाटेल तेवढेच घरी न्यावे. ती वर्षाकाठी मोजकीच पुस्तके घेते, पण घेतलेले प्रत्येक पुस्तक तिचे होऊन जाते. त्या दिवशी तिने असेच पारखून पुस्तक परत ठेवले असणार. तुम्हाला त्यात तिची पैशाची अडचण दिसली आणि तिला न विचारता, गल्ल्यावर, चार माणसांदेखत तुम्ही पैसे काढले. याला तुम्ही प्रेम म्हणता. मला तो तिचा अपमान वाटतो, आणि दोन वर्षांत तुम्हाला तसे एकदाही वाटले नाही, याचा रागही येतो.

दुकानात 'हे माझ्याकडे आहे, घेऊन जा' म्हणणारे कोणी तुमच्या शेजारी उभे असायचे. रात्री मोबाइलवर पुस्तक मागवताना तसे कोणी नसते, म्हणून खोकी येत राहतात. आणि आतल्या पुस्तकाविषयी बोलायला समोर कोणी नाही, म्हणून ती उघडली जात नाहीत.

या शनिवारी तिच्या घरी जा. भेट म्हणून काही नेऊ नका, त्या खोक्यांतले पुस्तक तर मुळीच नको, कारण तीच चूक दुसऱ्यांदा होईल. 'त्या दिवशी तुला न विचारता मी पैसे भरले, माझे चुकले,' एवढे दारातच म्हणा आणि प्रेमाचा खुलासा करत बसू नका. ती काही न बोलता चहा टाकायला आत गेली, तर मागोमाग स्वयंपाकघरात जा, ते पुस्तक तिने का परत ठेवले होते ते विचारा आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. पुढे कधी दोघी ठाण्यातल्या 'मामलेदार' हॉटेलात मिसळ खायला गेलात, तर तिच्या प्लेटचे पैसे तिलाच देऊ द्या.