कॉर्टिसॉलच्या आकड्याशेजारी वेळ लिही

अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रकल्पाचा आराखडा वाचला. ताण मोजायला लाळेतलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) तपासणार आणि लाळेचे नमुने 'सकाळी' घेणार म्हणतेस. सकाळी म्हणजे कधी? जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल झपाट्याने चढतं आणि मग उतरणीला लागतं. पाचला उठलेल्याचा आणि साडेसातला उठलेल्याचा आठचा नमुना एका रांगेत कसा बसवणार? घड्याळाची वेळ लिहीच, उठल्याची वेळही लिही.

दुसरं, कॉर्टिसॉल म्हणजे ताण हे तुझं समीकरण मला पटलेलं नाही. निवांत माणसातही ते पहाटे वाढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठतं. हे वेळापत्रक मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधलं सुप्राकायझमॅटिक केंद्रक, म्हणजे चेतापेशींचा एक पुंजका, सांभाळतं. जेमतेम 20,000 चेतापेशी, पण डोळ्यांकडून उजेडाची खबर त्यांना थेट मिळते. 1972 मध्ये मूर आणि आयक्लर यांनी उंदरांमधलं हे केंद्रक नष्ट केलं, तर कॉर्टिकोस्टेरॉनचा (उंदरांमध्ये कॉर्टिसॉलच्या जागी हेच असतं) रोजचा चढउतारच गेला. (उंदीर निशाचर, त्यांची पातळी संध्याकाळी चढते. त्यांचे आलेख वाचताना भलेभले इथे फसतात.)

हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथीला, आणि ॲड्रिनल कॉर्टिसॉल बनवते, ही साखळी तुला पाठ आहे, ती जास्त सांगत नाही. तुझ्या आराखड्यात नाहीत त्या कॉर्टिसॉलच्या उसळ्या. थोड्या थोड्या मिनिटांनी रक्त तपासत गेलं, तर दिवसाच्या त्या सुबक वक्राच्या जागी साधारण तासा-दीड तासाने उठणारी टोकं दिसतात. त्यांचा उगम केंद्रकात नाही. ॲड्रिनल कॉर्टिसॉल साठवत नाही. पिट्यूटरीचा निरोप आला की बनवायला घेते, त्यात काही मिनिटं जातात. तयार झालेलं कॉर्टिसॉल मग पिट्यूटरीलाच आवरतं. शॉवरचं गरम पाणी उशिरा येतं म्हणून आपण नळ जास्त फिरवतो, भाजलं की उलटा फिरवतो, तसा हा विलंबाचा खेळ. केंद्रक फक्त या उसळ्या कधी उंच आणि कधी बुटक्या, एवढं ठरवतं.

तेव्हा एकच चढा आकडा हाती आला, तर तो ताण की नुसतं उसळीचं टोक, हे तुला सांगता येणार नाही. माणसं निम्मी कर, पण प्रत्येकाचे दिवसभरात पाच-सहा नमुने घे. झोपण्यापूर्वीचा तर सोडूच नकोस. कुशिंग आजाराच्या (यात शरीरात कॉर्टिसॉल जास्त होतं) तपासणीतही डॉक्टर रात्री उशिराची लाळ बघतात, कारण त्या आजारात रात्रीचा तळच हरवतो. रात्रपाळीवाल्यांना या गटात घेऊ नकोस, त्यांचा अभ्यास वेगळा करावा लागेल.

नवा तक्ता झाला की पाठव. वेळेचे रकाने आधी बघेन.