खटले वर्षानुवर्षे चालतात, तर मग एन्काउंटर आणि बुलडोझर चुकीचे कसे?

आपण विचारले आहे की, एकेका खटल्याला दहा-दहा वर्षे लागत असताना पोलिसांनी एन्काउंटर केला किंवा आरोपीचे घर पाडले, तर सामान्य माणसाने त्याचे स्वागत का करू नये. मी नागपूरची, निवृत्त शिक्षिका आहे आणि कायदा शिकलेली नाही. तरीही लिहिते आहे, कारण एका खटल्यात फिर्यादी मी स्वतः होते आणि मी ज्याच्याकडे बोट दाखवले, तो मुलगा निर्दोष होता.

नोव्हेंबर २०११ मध्ये संध्याकाळी बर्डीवरून भाजी घेऊन येत असताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवरील दोघांनी माझे दोन तोळ्यांचे मंगळसूत्र ओढून नेले. मागे बसलेल्याने एकदा वळून पाहिले, तेवढेच मला दिसले. रात्री तक्रार लिहिताना मी त्याचे वर्णन ‘सावळा, सडपातळ, वीस-बावीस वर्षांचा’ एवढेच केले होते. सुमारे दीड महिन्याने पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. तेथे एका हवालदाराने पासपोर्ट आकाराचा एक फोटो माझ्यासमोर ठेवला आणि ‘हाच आहे ना, मॅडम?’ असे विचारले. मी ‘असाच दिसत होता’ म्हणाले. आठवड्याभरात मध्यवर्ती कारागृहात ओळख परेड झाली. नायब तहसीलदार होते, दोन पंच होते, सात तरुण रांगेत उभे होते, आणि मी क्षणभरही न थांबता फोटोतील मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ‘हाच तो’ म्हणाले. त्याच्या उजव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिली. पुढे २०१६ मध्ये साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा मात्र ती खूण मोटारसायकलवरील चेहऱ्यावर मी पाहिली होती, असे मी शपथेवर सांगितले, आणि मी खोटे बोलत नव्हते. मला ती खरोखरच आठवत होती.

घटनेच्या दिवशी तो मुलगा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी एका सरकारी रुग्णालयात दाखल होता. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाने रुग्णालयातील लिपिकाला नोंदवहीसह साक्षीला बोलावले, तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. जामीनदार न मिळाल्याने तो सुरुवातीचे तीन महिने कारागृहात होता आणि त्या काळात त्याचे हातचे काम गेले होते. तो निर्दोष सुटल्यावर न्यायालयाबाहेरच्या पायऱ्यांवर त्याचे वडील भेटले. हातात प्लास्टिकची पिशवी होती व तीत लॅमिनेट केलेले डिस्चार्ज कार्ड होते. ‘मॅडम, तुम्ही नीट पाहिले होते ना?’ एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे. एन्काउंटर हा न्याय नाही. ज्याची उलटतपासणी व्हायची आहे असा पुरावा कायमचा संपवण्याचा तो प्रकार आहे, आणि त्याचे स्वागत करणारा माणूस माझ्यासारख्या साक्षीदाराच्या शब्दावर दुसऱ्याचा जीव घ्यायला तयार झालेला असतो. हैदराबादला ६ डिसेंबर २०१९ रोजी एका तरुणीवरील बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर माझ्या थोरल्या भावाने अभिनंदनाचे संदेश टाकले होते. त्या घटनेच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने जो आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती विकास सिरपूरकर होते, ज्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या आमच्याच नागपूर खंडपीठात वकिली केलेली आहे. आयोगाने २०२२ मध्ये नोंदवले की, गोळ्या ठार मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून झाडल्या गेल्या आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारसही केली. हे मी भावाला पाठवले, तेव्हा तो म्हणाला, ‘काहून त्यांची बाजू घेतेस? तुझा चोर सुटला तरी तुला अक्कल आली नाही.’ ते रुग्णालयाचे कागद बनावट होते, असे तो आजही मानतो.

मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या महाल भागात दंगल झाली आणि २४ मार्चला महापालिकेने एका आरोपीचे घर पाडले, त्या दिवशीही आमचा हाच वाद झाला. पूर्वसूचना देऊन पंधरा दिवसांची मुदत दिल्याशिवाय असे पाडकाम करू नये आणि आरोपी आहे म्हणून घर पाडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजीच सांगितले होते. नागपूर खंडपीठाने २४ मार्चलाच कारवाईला स्थगिती दिली, पण तोवर घर उरले नव्हते. याचिका आरोपीच्या आईने केली होती. आईने कोणता दगड मारला होता, या माझ्या प्रश्नाला भावाने उत्तर दिले नाही.

विलंबाचे म्हणाल, तर तो खरा आहे आणि संतापजनक आहे. न्यायाधीशांची पदे रिकामी राहतात, प्रयोगशाळांचे अहवाल वेळेवर येत नाहीत. पण तारखा केवळ न्यायालयामुळे पडत नाहीत. माझा हाच भाऊ त्याच्या वसाहतीतील एका चोरीत पंच होता. साक्षीसाठी त्याला तीनदा समन्स आले. दोनदा तो लग्नाचे कारण सांगून गेला नाही आणि तिसऱ्यांदा त्याने डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले. झटपट न्यायाची मागणी करणाऱ्याने आधी आपल्या तारखेला हजर राहावे, हे मी त्याला घरी सांगून थकले, म्हणून येथे लिहिते.

भावाचा ठरलेला प्रतिप्रश्न नागपुरातल्याच कस्तुरबानगर वस्तीचा असतो. १३ ऑगस्ट २००४ रोजी तेथील महिलांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला भर न्यायालयात ठार मारले आणि २०१४ मध्ये त्या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. वस्तीतल्या तक्रारी वर्षानुवर्षे कोणी ऐकल्या नव्हत्या आणि त्या माणसाला ओळखण्यात त्यांची चूक होण्याची शक्यताही नव्हती. तो रोज त्यांच्या दारात येत होता. पण त्यांच्या असहायतेचा दाखला देऊन, हाती पूर्ण सत्ता असलेल्या सरकारने तसेच वागावे, असे म्हणणे मला पटत नाही.

हेही नमूद करते की, सिरपूरकर आयोगाचे म्हणणे हा चौकशीचा निष्कर्ष आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे. माझे प्रकरणही मंगळसूत्राचे होते. ज्यांच्या मुलीवर अत्याचार झाला आहे, त्या आईवडिलांच्या रागापुढे माझा अनुभव लहान आहे, हे मला समजते.

आपल्यावर कधी साक्षीची वेळ आली, तर जा. ओळख परेडपूर्वी ठाण्यात कोणी फोटो दाखवू लागले, तर पाहू नका. पाहिलाच असेल, तर परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तसे सांगा आणि ते लिहून घ्यायला लावा. मी हे पाच वर्षांनी, उलटतपासणीत वकिलांनी विचारल्यावर सांगितले.