मंडळी सोडण्याच्या विचारात असलेल्या मुलीस

प्रिय मुली,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझे पत्र दोनदा वाचले. प्रभू येशूवरचा तुझा विश्वास ढळलेला नाही, ढळला आहे तो मंडळीवरचा, म्हणजे आपल्या चर्चवरचा, असे तू लिहितेस. दानाच्या पैशांत गैरव्यवहार झाला, तो करणारी व्यक्ती वेदीजवळ उभी राहून आशीर्वाद देत राहिली आणि जाब विचारणाऱ्यांना क्षमा करायला शिका, एवढेच ऐकवण्यात आले. तेव्हापासून तू रविवारी घरीच मोबाईलवर उपदेश ऐकतेस आणि यापुढे मंडळी हवीच कशाला, असे विचारतेस. प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो.

क्षमा करणे आणि पांघरूण घालणे या दोन गोष्टी पवित्र शास्त्राने कधीही एक मानलेल्या नाहीत. अपराध करणाऱ्या भावाशी आधी एकांतात बोलावे, मग एकदोघांना सोबत न्यावे आणि तरीही त्याने ऐकले नाही तर मंडळीला सांगावे, असा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दिला आहे. म्हणजे गोष्ट एकांतात सुरू होते, पण गरज पडल्यास ती सर्वांसमोर येते. दोनतीन साक्षीदारांवाचून वडिलांवरील, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांवरील, आरोप दाखल करून घेऊ नये, असे प्रेषित पौलाचा सहकारी तीमथ्य याला सांगणारे पत्र लगेच पुढच्या वचनात पाप करणाऱ्यांचा सर्वांसमक्ष निषेध करायला सांगते. यातले पहिले वचन नेत्यांच्या बचावासाठी हमखास वाचले जाते, दुसरे मात्र क्वचितच कानावर पडते. जिथे कायद्याने गुन्हा ठरेल असे काही घडले असेल, विशेषतः लहान मुलाला किंवा असहाय व्यक्तीला इजा झाली असेल, तिथे मंडळीच्या समितीची वाट न पाहता पोलिसांकडे जावे. ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लागेल, या भीतीने गप्प बसणाऱ्यांनीच त्या नावाची सर्वांत जास्त हानी केली आहे.

पैशांच्या बाबतीत तर पौलाने स्वतःच्या वागणुकीतून धडा घालून दिला आहे. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मासेदोनिया आणि अखया या ग्रीस परिसरातील प्रांतांच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा होत होती. ती पोहोचवण्याची जबाबदारी त्याने एकट्याच्या हाती ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ त्याने सोबत घेतला. त्याचे कारण करिंथकरांस, म्हणजे करिंथ या ग्रीक शहरातील मंडळीस, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे: एवढ्या मोठ्या दानाच्या व्यवस्थेत आपल्यावर कोणाला दोष ठेवता येऊ नये आणि आपले वागणे प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्या दृष्टीनेही चोख असावे. प्रेषित असूनही पौल स्वतःला हिशेबापेक्षा मोठा समजत नाही. तेव्हा हिशेब मागणारी म्हणून तुला कोणी अविश्वासू ठरवत असेल, तर ते मनाला लावून घेऊ नकोस.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. नेताच भ्रष्ट निघाला तर त्याच्या हातून घेतलेला बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ एकत्र घेतली जाणारी भाकर आणि प्याला) यांचे काय, हा प्रश्न मंडळीपुढे फार पूर्वीच उभा राहिला होता. इ. स. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांची शास्त्रे जप्त करून जाळण्याचा हुकूम काढला, तेव्हा काही धर्मपुढाऱ्यांनी ती अधिकाऱ्यांच्या हवाली केली, तर काहींनी जीव दिला, पण शास्त्र दिले नाही. छळ ओसरल्यावर उत्तर आफ्रिकेत वाद पेटला. कार्थेजचा बिशप कैकिलियन याला बिशपपद देणाऱ्या दीक्षाविधीत भाग घेणाऱ्या एका बिशपावर शास्त्रे सोपवल्याचा आरोप होता आणि म्हणून ती दीक्षाच खोटी, असे एका गटाचे म्हणणे होते. पुढे हा गट डोनाटिस्ट म्हणून ओळखला गेला. त्यांना दांभिक म्हणून मोडीत काढू नकोस. ज्यांच्या घरची माणसे शास्त्रासाठी मेली, त्यांना ते शास्त्र शत्रूच्या हाती देणाऱ्याचा आशीर्वाद नकोसा वाटावा, हे मी पुरते समजू शकतो.

इ. स. 314 मध्ये आजच्या फ्रान्समधील आर्ल येथे भरलेल्या धर्मसभेने दिलेला निर्णय आजही प्रत्येक मंडळीच्या वडिलांनी अभ्यासावा असा आहे. ज्याने शास्त्रे किंवा आपल्या बांधवांची नावे अधिकाऱ्यांना दिली, आणि हे नुसत्या तोंडी आरोपांवरून नव्हे तर सरकारी कागदपत्रांवरून सिद्ध झाले, त्याला धर्मसेवेच्या पदावरून दूर करावे. मात्र त्याच्या हातून दीक्षा मिळालेले लोक योग्य असतील तर त्यांची दीक्षा कायम राहावी. अफवेवर शिक्षा नाही, पुरावा मिळाल्यावर गय नाही आणि एकाच्या पापाचे ओझे दुसऱ्याच्या माथी नाही. पुढे उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहराचे बिशप ऑगस्टीन यांनी यामागचे तत्त्व मांडले: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, तो देणाऱ्या माणसाचा नाही. गहू आणि निदण (तण) कापणीपर्यंत एकत्र वाढतात, या दाखल्याचाही त्यांनी आधार घेतला. डोनाटिस्टांनी त्यावर अचूक बोट ठेवले, की प्रभूने शेत म्हणजे जग असे सांगितले आहे, शेत म्हणजे मंडळी असे नव्हे. या मुद्द्यावर मला त्यांचे वाचन अधिक बरोबर वाटते. आणि पुढे डोनाटिस्टांना वठणीवर आणण्यासाठी ऑगस्टीन यांनी राजसत्तेच्या बळाचे जे समर्थन केले, ते मला मुळीच मान्य नाही. तरीही त्यांचा मूळ सिद्धांत मला खरा वाटतो आणि तुझ्यासाठी त्याचा अर्थ असा, की त्या व्यक्तीच्या हातून तुला जे मिळाले ते ख्रिस्ताकडून मिळाले. तिच्या पापाने ते हिरावले गेलेले नाही. हाच सिद्धांत पुढे करून कोणी अपराध्याला पदावर ठेवू पाहत असेल, तर त्याच्यासमोर आर्लच्या निर्णयाचा पहिला भाग ठेव.

मोबाईलवरील उपदेशांची मी निंदा करणार नाही. 2020 च्या महामारीत तेच अनेकांचा आधार झाले आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आजही आहेत. परंतु तिथे उपदेशक तू निवडतेस, न पटलेला संदेश मध्येच बंद करतेस, आणि तू आलीस की नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. करिंथची मंडळी आठव. इ. स. 55 च्या सुमारास पौल तिला लिहितो तेव्हा तिथे गटबाजी आहे, कोर्टकचेऱ्या आहेत आणि प्रभुभोजनाच्या वेळी तर एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो, अशी स्थिती आहे. तुमच्या एकत्र येण्याने हितापेक्षा अहितच होते, असे तो त्यांना सुनावतो. असे सुनावल्यावर त्याने त्यांना आपापल्या घरी उपासना करायला सांगितले असते, तर नवल नव्हते. त्याने सांगितले ते इतकेच: भोजनासाठी जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. आणि त्याच भांडखोर लोकांना तो पुढच्याच अध्यायात ख्रिस्ताचे शरीर म्हणतो. उशिरा येणाऱ्या गरिबासाठी भाकर राखून ठेवणे, न आवडणाऱ्या माणसाशेजारी गुडघे टेकून त्याच प्याल्यातून घेणे, हे पडद्यासमोर बसून घडत नाही. आणि शत्रूंवर प्रीती करा, ही आज्ञा जिथे खरोखर अंगाला झोंबते, अशी जागा मला मंडळीखेरीज फारशी दिसत नाही.

याचा अर्थ तू त्याच इमारतीत परत जावेस, असा मुळीच नाही. ज्याला जिथे घाव बसला त्याने तिथेच बसून बरे व्हावे, अशी सक्ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसऱ्या मंडळीत जायचे असेल तर जा, सुरुवातीला मागच्या बाकावर बस, कोणी लगेच आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला सांगितले तर नम्रपणे नकार दे. मात्र दर रविवारी नवे चर्च पाहत फिरू नकोस. एक ठरव आणि तिथल्या माणसांना तुझे नाव माहीत होईल इतके दिवस राहा. उपदेश सामान्य असला तरी चालेल. त्या मंडळीत आजाऱ्यांना भेटायला कोण जाते, दानाची मोजणी किती जण मिळून करतात, पाळकाला (पास्टरला) विरोध करणारी व्यक्ती वडीलमंडळात टिकू शकते का, याकडे लक्ष दे. मंडळीची प्रकृती मला तरी उपदेशापेक्षा यावरून अधिक कळते.

तोवर जुन्या मंडळीतले तुझे एक काम बाकी आहे. तुझे नाव अजून तिथल्या सभासदांच्या यादीत आहे, असे तू लिहिले आहेस. वार्षिक सभेपूर्वी वडीलमंडळाला लेखी अर्ज दे, दानाचा तपासणी झालेला हिशेब सभेपुढे ठेवण्याची विनंती कर आणि सोबत दुसऱ्या करिंथकरांच्या आठव्या अध्यायातील विसावे व एकविसावे वचन लिही. एकटी जाऊ नकोस. सही करायला तयार असलेले आणखी दोघे तरी शोध. अर्जाची पोच घे आणि ते काय उत्तर देतात, ते मला कळव.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारा,
तुझा वडीलधारा मित्र