पक्षाच्या रकान्यात लिबर्टेरियन? आधी माझ्या चकल्यांची गोष्ट ऐका

नमस्कार. तुम्ही विचारलंय की नुकतीच नागरिकत्वाची शपथ झाली, पेनसिल्व्हेनियात राहतो, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट दोघांचाही वीट आलाय, तर मतदार नोंदणीच्या फॉर्मवर लिबर्टेरियनच्या, म्हणजे सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी म्हणणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या, चौकोनात खूण करून मोकळा होऊ का, त्यात काही तोटा आहे का. त्यावर "मत वाया जाईल" आणि "मनाचं ऐका" अशी कुस्ती रंगलीय. पण तुमच्या प्रश्नातला 'फॉर्मवर' हा शब्द कुणाच्याच डोळ्यात भरलेला दिसत नाही. मला तेवढाच दिसला, कारण २०१६ साली याच राज्यात, याच फॉर्मवर, याच चौकोनात मी खूण केली होती.

लिबर्टेरियन म्हणजे काय, गांजा, कर, बंदुका यांवर त्यांचं काय म्हणणं, हे सगळं सोडून देते. वीट येईपर्यंत वाचलंय म्हणजे तेवढं तुम्हाला ठाऊक असणार.

माझी या विचाराशी ओळख अमेरिकेत झाली नाही. आमचं घर चांदवड तालुक्यातलं, कांद्याचं. १९८० च्या आंदोलनात अण्णा होते, छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आणि तोंडी "भीक नको, हवे घामाचे दाम". १९८६ च्या महिला अधिवेशनाला आई गेली होती, मला कडेवर घेऊन. सरकारने आमच्या मालात हात घालू नये, हे मी दुधाबरोबर प्यायले म्हणा ना. पुढे १९९४ मध्ये संघटनेचे नेते शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा अण्णांनी इमानाने त्यालाच मत दिलं आणि गावातले लोक त्यांना हसले. पण खुद्द जोशी २००४ मध्ये राज्यसभेत गेले ते भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर, हेही लक्षात ठेवा. २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध राज्यसभेत पडलेलं एकमेव मत त्यांचं होतं, १८६ विरुद्ध १. त्या मतावरून आईने अण्णांशी दोन दिवस अबोला धरला होता. असो, विषय भरकटतोय.

२०१६ ला माझी पहिली अध्यक्षीय निवडणूक. एकीकडे ट्रम्प, दुसरीकडे हिलरी क्लिंटन. मला लिबर्टेरियन उमेदवार गॅरी जॉन्सन आवडला. दोन वेळा न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर, उपाध्यक्षपदासाठी जोडीला मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर बिल वेल्ड. म्हणजे कुणी उपटसुंभ नव्हते. मग सीरियातल्या युद्धात होरपळणाऱ्या शहराबद्दल त्याने टीव्हीवर "ॲलेप्पो म्हणजे काय?" असं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझी जी काही शोभा झाली ती झाली. तरी मी मत त्यालाच दिलं. देशभरात त्याला ३ टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली, सुमारे ४५ लाख. पक्षाच्या इतिहासातला तो उच्चांक आहे.

त्या मताचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो आधी केलेल्या नोंदणीचा. उत्साहाच्या भरात मी स्वतःची केलीच, वर नवऱ्याची, आणि गणपतीत, दिवाळीत, भिशीत ज्या ज्या घरात गेले तिथल्या लोकांचीही. नऊ घरं. सगळी नवी नागरिक, कुणालाच धड माहिती नाही, आणि मी मोठ्या तोऱ्यात चौकोन दाखवतेय.

आता चकल्या. त्याच सुमारास मी फराळ विकायचं ठरवलं होतं. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, म्हणजे फ्रिज न लागणारे पदार्थ. राज्य अशा घरगुती स्वयंपाकघराला परवाना देतं. (घरात कुत्रा-मांजर असेल तर मात्र विसरा, पाळीव प्राणी अजिबात चालत नाही.) पण त्या अर्जाला तुमच्या टाउनशिपची (आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था) झोनिंगची, म्हणजे कुठल्या जागेत काय करता येतं त्याची, मंजुरी जोडावी लागते, आणि आमच्या टाउनशिपच्या नियमात घरातून विक्रीसाठी खाद्यपदार्थ करायला साफ मनाई. हिशेबनीस घरातून धंदा करू शकतो, पियानोची शिकवणी चालते, चकली चालत नाही. अपवादासाठी सुनावणी मागितली. आठशे डॉलर फी, परत न मिळणारी. एका शेजाऱ्याने गाड्या किती येतील म्हणून हरकत घेतली. नकार मिळाला. एकच वाट उरली, नियमच बदलून घ्यायचा, आणि ते टाउनशिपच्या निवडून आलेल्या सुपरवायझरांच्या हातात. तेही तिघंच.

२०१७ मध्ये त्यातल्या एका जागेची निवडणूक होती. एक निवृत्त इलेक्ट्रिशियन उभा राहिला. त्याचं सगळं म्हणणंच हे की घरातून होणाऱ्या धंद्यांवरची बंधनं काढा. त्याने स्वतःला लिबर्टेरियन कधी म्हटलं नाही, पण बोलणं शंभर टक्के तेच. उभा मात्र रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, कारण आमच्या भागात ती जिंकली की नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत समोर कुणी नसतंच. खरी निवडणूक मे महिन्यातच होऊन जाते.

फेब्रुवारीत मी निवडणुकीचं काम बघणाऱ्या स्थानिक कार्यालयात फोन केला होता. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. विचारलं, "माझी नोंदणी लिबर्टेरियन आहे, मला या वर्षी मत देता येईल ना?" पलीकडून उत्तर, "हो हो, नोव्हेंबरमध्ये तुम्ही कुणालाही मत देऊ शकता." उत्तरात एक अक्षर खोटं नव्हतं. मी विचारला तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि मला जो प्रश्न विचारायलाच सुचला नाही त्याचं उत्तर त्या बाईंनी आपणहून दिलं नाही. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंद असते, रिपब्लिकन प्रायमरीत नोंदणीकृत रिपब्लिकन, डेमोक्रॅट प्रायमरीत नोंदणीकृत डेमोक्रॅट, बाकीच्यांनी घरी बसायचं. हे मला कळलं मतदानाच्या तीन आठवडे आधी, तेही त्या इलेक्ट्रिशियनच्याच तोंडून, तो पत्रकं वाटत दारात आला तेव्हा. पक्ष बदलायची मुदत तेव्हा मतदानाच्या तीस दिवस आधीची होती (२०१९ च्या कायद्याने ती पंधरा दिवसांवर आली). पुन्हा फोन केला. "मुदत संपली." मग फेब्रुवारीत का नाही सांगितलंत? "तुम्ही प्रायमरीबद्दल विचारलं नव्हतं, मॅम."

तरी मतदानाच्या दिवशी मी गेलेच. म्हटलं बघू. प्रायमरीत बाकीच्यांना फक्त एखादा सार्वजनिक प्रश्न किंवा पोटनिवडणूक मतपत्रिकेवर असेल तर त्यावर मत देता येतं. त्या दिवशी आमच्याकडे तसं काहीच नव्हतं. टेबलामागच्या आजोबांनी वहीत नाव शोधलं, पुढचं पक्षाचं अक्षर वाचलं आणि फार वाईट वाटल्यासारखं करून म्हणाले, आज तुमच्यासाठी इथे काही नाही.

इलेक्ट्रिशियन चौदा मतांनी हरला. माझी आणि नवऱ्याची दोन, आणि नऊ घरांचा हिशेब तुम्हीच करा. सगळ्यांनी त्यालाच मत दिलं असतं असा माझा दावा नाही. काहीजण तर मतदानाला गेलेही नसते, आपले लोक कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पण चौदा! नोव्हेंबरात आम्ही काहीजणांनी मतपत्रिकेवर त्याचं नाव हाताने लिहिलं. त्याने काय होतंय. नियम आजही तसाच आहे. मी एका चर्चचं स्वयंपाकघर तासावर भाड्याने घेऊन फराळ करते, आणि नफ्यातला बराचसा भाग त्या भाड्यातच जातो.

म्हणून माझं मत सांगते, न पटल्यास सोडून द्या. नोंदणी आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी म्हणजे कुणाच्या प्रायमरीत शिरायचं त्याची किल्ली, निष्ठेची शपथ नव्हे. तुमच्या टाउनशिपमध्ये, स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ज्या पक्षाची प्रायमरी खरा निकाल लावते त्या पक्षात नोंदणी करा, मनातून कितीही शिव्या घालत का असेना. नोव्हेंबरात पडद्याआड लिबर्टेरियनला मत द्यायला कुणी अडवत नाही. घराचा कर, ज्याच्या नावाने आपण सगळे बोटं मोडतो, त्यातला मोठा हिस्सा शाळांचा असतो आणि तो वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही.

आता "अध्यक्षपदासाठी द्यावं का" हा प्रश्न. २०१६ ला आपल्या राज्यात ट्रम्प सुमारे ४४ हजारांनी जिंकला आणि जॉन्सनला जवळपास १ लाख ४६ हजार मतं होती. मला पुढची चार वर्षं दर पार्टीत "तुमच्यामुळे" ऐकावं लागलं. मी म्हणायचे, जॉन्सनचे मतदार सगळे हिलरीकडेच गेले असते हे तुम्हाला कुणी सांगितलं? निम्मे घरी बसले असते, काही ट्रम्पकडे गेले असते. पण प्रामाणिकपणे सांगते, पेनसिल्व्हेनियासारख्या अटीतटीच्या राज्यात दोघांपैकी एकाची तुम्हाला खरोखर भीती वाटत असेल तर तिसऱ्याला मत देऊ नका, रात्री झोप लागणार नाही. दोघंही सारखेच वाटत असतील तर बिनधास्त द्या. माझ्या मते "वाया" हा शब्द फक्त भीती असलेल्याला लागू होतो. यावर घरात माझं आणि नवऱ्याचं आजही एकमत नाही.

जॉर्जियातल्या माझ्या मावसबहिणीचं गणित वेगळं आहे. तिथे नोंदणीच्या फॉर्मवर पक्ष विचारतच नाहीत. शिवाय तिथे ५० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय सिनेटची जागा मिळत नाही. २०२२ मध्ये चेस ऑलिव्हर नावाच्या लिबर्टेरियनने दोनच टक्के मतं घेतली आणि डेमोक्रॅट वॉर्नॉक आणि रिपब्लिकन वॉकर या दोघांना डिसेंबरात पुन्हा मतदानाला उभं केलं. तिथे दोन टक्क्यांना वजन आहे. म्हणजे सल्ला राज्याप्रमाणे बदलतो, आणि मी फक्त पेनसिल्व्हेनियाबद्दल बोलतेय. वकील नाही, कुठल्या पक्षाची पदाधिकारी नाही.

लिबर्टेरियन पक्षाबद्दलही थोडं, कारण तुम्ही २०१६ चा पक्ष डोक्यात धरून लिहिलंय असं वाटलं. तो आता तसा राहिलेला नाही. २०२२ मध्ये रीनोच्या अधिवेशनात मिझेस कॉकस या पक्षातल्याच कडव्या गटाने ताबा घेतला, गर्भपाताच्या बाबतीत सरकारने पडू नये हे कलम जाहीरनाम्यातून काढलं. २०२४ च्या अधिवेशनात ट्रम्पला भाषणाला बोलावलं, त्याची हुर्यो उडवली गेली, आणि त्यानेही सुनावलं की दर चार वर्षांनी तीन टक्के मिळवत बसायचं असेल तर बसा. उमेदवारी मिळाली त्याच चेस ऑलिव्हरला, पण शेवटच्या फेरीत त्याच्यासमोर उरला होता तो "यापैकी कुणी नाही" हा पर्याय! नोव्हेंबरात अर्धा टक्काही पडला नाही. विचाराला मत द्यायचं म्हणून पक्षाला देतो असं म्हणताना, हा पक्ष आज नेमका कुणाच्या हातात आहे ते दर वेळी बघा.

आणि विचार तरी जमिनीवर कसा उतरतो? न्यू हॅम्पशायरमध्ये क्रॉयडन नावाचं चिमुकलं गाव आहे. फ्री स्टेटवाल्यांचा, म्हणजे हाच विचार घेऊन त्या राज्यात मुद्दाम राहायला आलेल्यांचा, तिथे वावर. २०२२ च्या मार्चमध्ये गावसभेत एका माणसाने शाळेचं बजेट १७ लाख डॉलरवरून ८ लाखांवर आणायची सूचना मांडली आणि ती २० विरुद्ध १४ ने पास झाली. चौतीस माणसांत! मे महिन्यात गाव जागं झालं, ३७७ विरुद्ध २ ने बजेट परत आणलं. मला दोन मुलं आहेत, दोघं सरकारी शाळेत. चकलीवरचं बंधन उठवा म्हणणारी मी शाळेच्या बाबतीत क्रॉयडनच्या ३७७ मध्ये असते, कबूल करते. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, मग तू कसली लिबर्टेरियन. बरोबर आहे त्यांचं.

लहान पदांवर मात्र लिबर्टेरियन उमेदवार दिसला तर मी डोळे झाकून त्यालाच देते. आपल्या राज्यात ऑडिटर (टाउनशिपचे हिशेब तपासणारा), कॉन्स्टेबल, मतदान केंद्राचा इन्स्पेक्टर अशा जागांवर त्यांचे लोक निवडून येतात, कारण तिथे कधी कधी दुसरं कुणी उभंच नसतं. तुम्हाला खरंच या राजकारणाला हातभार लावायचा असेल तर अध्यक्षपदाच्या मतापेक्षा स्वतः ऑडिटरला उभे राहा. हिशेबात आपली माणसं वाईट नाहीत.

तुम्ही विचारलं नाही तरी दोन गोष्टी सांगते. टपाली मतदान करणार असाल तर मतपत्रिका आधी सोबत आलेल्या आतल्या लिफाफ्यात घाला, मग बाहेरच्या, आणि बाहेरच्यावर सही-तारीख. आतला लिफाफा राहिला तर मत बाद. दुसरं, पत्नी अजून ग्रीन कार्डवर आहे असं तुम्ही लिहिलंय. ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळी समोर मतदार नोंदणीचा प्रश्न आला तर चुकूनही "हो" करायचं नाही. त्यापायी नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो, आणि मग वकिलाच्या फीपुढे माझे आठशे डॉलर किरकोळ वाटतील.

आणि फॉर्म पाठवून झालाच असेल तर घाबरू नका. तोच फॉर्म पुन्हा भरायचा, वर "पक्ष बदल" वर खूण करायची, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. कार्यालयात फोन करणार असाल तर प्रायमरीबद्दल विचारतोय हे पहिल्याच वाक्यात सांगा.