मार्चअखेरीस उत्तर मिशिगनमध्ये स्नोमोबील चालवायला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चौघं मित्र डेट्रॉइटहून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कीविनॉ द्वीपकल्पात जाणार, तिथे स्लेड (म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबील) भाड्याने घेणार. आधीचा अनुभव म्हणजे गुलमर्गची एक फेरी. तिकडे अजून दोन फूट बर्फ आहे असं कळलं, पण कुणीतरी म्हणालं की आता सीझन संपत आला, जाऊ नका. तर जावं की नाही?

मी कीविनॉतल्या होटन गावी मिशिगन टेक विद्यापीठात शिकायला आलो आणि मग इथेच राहिलो. स्नोमोबील हा आमच्याकडे हिवाळ्यातला रोजचा विषय आहे. माझं उत्तर: जरूर जा, पण बर्फ किती फूट आहे या आकड्यावर काही ठरवू नका. आदल्या रात्री तो गोठला होता का आणि तुम्ही त्यावर किती वाजता असणार, यावर ठरवा.

कीविनॉत बर्फाला तोटा नाही. लेक सुपीरियरवरून येणारे वारे वाटेत बाष्प उचलतात आणि जमिनीवर आले की बर्फ ओततात. सरासरी हिवाळ्यातही इथे 200 इंचांच्या वर बर्फ पडतो. 1978-79 च्या हिवाळ्यात 390.4 इंच पडला होता, त्याची उंची दाखवणारा मोठा फलक मोहॉक गावाच्या पुढे हायवेलगत उभा आहे, येताजाता नक्की थांबा. त्यामुळे मार्चअखेरीला दोन फूट बर्फ शिल्लक असणं यात नवल नाही. पण जानेवारीतला ताजा बर्फ म्हणजे बहुतेक हवाच असते. मार्चअखेरीस तो दबून, वितळून, पुन्हा गोठून इतका जड झालेला असतो की तो थर वितळवला तर त्याच्या जाडीच्या एक तृतीयांश ते निम्मं पाणी निघेल. दिसायला तोच पांढरा थर, वागणूक मात्र पूर्ण वेगळी.

हवामानाचा अंदाज बघताना सगळे दिवसाचं तापमान बघतात. तुम्ही रात्रीचं बघा, आणि त्याच्या जोडीला ढग बघा. आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग उष्णता सरळ आकाशात सोडतो, म्हणून हवेचं तापमान शून्याच्या किंचित वर असलं तरी वरचा थर कडक होऊ शकतो. उलट रात्रभर ढग असतील तर शून्याच्या आसपासही तो नीट आवळत नाही. ट्रेल (स्नोमोबीलसाठी आखलेले बर्फाचे रस्ते) सपाट करणारी यंत्रं, म्हणजे ग्रूमर, याच कारणासाठी रात्री फिरतात: ओला बर्फ ओढून सपाट केला की पहाटेच्या थंडीत तो सेट व्हायला हवा. ज्या रात्री गोठलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रूमर फिरलेला असूनही ट्रेल दहा-बारा गाड्यांत उखडतो. सलग दोन-तीन रात्री ढगाळ आणि उबदार गेल्या, वर पाऊसही झाला, तर मी स्वतः स्लेड बाहेर काढत नाही.

घड्याळाची एक गंमत इथे उपयोगी पडते. आम्ही ईस्टर्न टाइम झोनच्या पार पश्चिम टोकाला आहोत आणि मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे गेलेलं असतं. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोनच्या सुमारास. सूर्योदय पावणेआठच्या आसपास, सूर्यास्त सव्वाआठला. बाहेरून येणारे लोक आरामात नाश्ता करून अकराला निघतात आणि उजेड आठपर्यंत आहे म्हणून खूश असतात. प्रत्यक्षात तीन ते सहा हा ट्रेलचा सगळ्यात वाईट वेळ असतो. तुम्ही आठला निघा आणि एकपर्यंत मुक्कामाच्या टप्प्यात परत या.

सकाळच्या कडक ट्रेलची अडचण वेगळी आहे आणि ती नवख्यांना कुणी नीट सांगत नाही. बहुतेक आधुनिक स्लेडच्या इंजिनाला कारसारखा पुढे रेडिएटर नसतो. कूलंट जातं ते ट्रॅकच्या (गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या) वरच्या बोगद्यासारख्या भागात बसवलेल्या हीट एक्स्चेंजरमधून, आणि ट्रॅक फिरताना जो बर्फाचा भुगा वर उडतो तोच त्याला थंड करतो. ट्रेल काचेसारखा गोठलेला असेल तर भुगा उडतच नाही. हवा उणे पाच असली तरी इंजिन तापतं. दुसरं म्हणजे ट्रॅकच्या आत दोन रुळांना खालून प्लास्टिकच्या लांब पट्ट्या असतात, त्यांना हायफॅक्स म्हणतात. ट्रॅकच्या धातूच्या क्लिपा या पट्ट्यांवर घासत फिरतात आणि त्यांना वंगण म्हणून मिळतो तो फक्त बर्फ. तो मिळाला नाही की पट्टी तापते, मऊ होते, वितळते. जळक्या प्लास्टिकचा वास आला तर समजा की तिची झीज सुरू झालीच आहे. अशा वेळी एकदम थांबलात तर वितळलेलं प्लास्टिक क्लिपांना चिकटून ट्रॅक अडकूही शकतो. हवेवर थंड होणाऱ्या फॅन-कूल्ड इंजिनाला तापण्याचा त्रास कमी, पण हायफॅक्सचं दुखणं त्यालाही सुटत नाही.

यावर उपाय म्हणजे आइस स्क्रॅचर. स्प्रिंगच्या पोलादाच्या दोन लवचीक काड्या रुळांना लावलेल्या असतात. त्या खाली सोडल्या की टोकं गोठलेल्या ट्रेलला खरवडतात आणि ट्रॅक तो बारीक चुरा आत ओढून घेतो. भाड्याची स्लेड घेताना स्क्रॅचर आहेत का हे पहिलं विचारा, आणि ते सोडायचे-अडकवायचे कसे हे दुकानातच स्वतःच्या हाताने करून बघा. मी तर दुकानाबाहेर पाऊल टाकण्याआधी ते करून बघायला लावतो. स्क्रॅचर सोडले की दोन-तीन मिनिटांत तापमानाचा काटा खाली सरकायला लागतो, तो बघण्यासारखा असतो. जुन्या पद्धतीचे स्क्रॅचर रिव्हर्स घेताना मोडतात, त्यामुळे मागे जाण्यापूर्वी उतरून ते वर अडकवायचे. स्क्रॅचर नसतील तर अधूनमधून ट्रेलच्या कडेच्या मोकळ्या बर्फात पुढची एक स्की आणि अर्धा ट्रॅक घालून थोडं अंतर गाडी चालवा. मात्र कडेचा बर्फ वसंतात पोकळ असू शकतो, म्हणून वेग कमी ठेवा.

कडक ट्रेलवर ब्रेक लावल्यावर गाडी अपेक्षेपेक्षा बरीच पुढे जाते. काल दुपारी पडलेल्या चाकोऱ्या रात्री तशाच गोठलेल्या असतात आणि स्की त्यांच्यात शिरली की गाडी तुमचं न ऐकता चाकोरीचं ऐकते. हँडल घट्ट आवळून भांडू नका, गती कमी करा. स्कीखालचे कार्बाइड (पकड देणाऱ्या कठीण धारेच्या पट्ट्या) झिजलेले असतील तर वळणावर पकडच राहत नाही, तेव्हा निघण्यापूर्वी स्लेडची स्की उचलून खालची धार बोटाने तपासा. हायवे किंवा उघडा पूल ओलांडताना बर्फ गेलेला असेल तर हळूहळू जा, डांबरावर कार्बाइड फार लवकर जातात. होटनपासून दक्षिणेला जाणारा बिल निकल्स ट्रेल जुन्या रेल्वेमार्गावरून जातो, त्यावर फायरस्टील नदीचे उंच पूल आहेत. अशा उघड्या पुलांवरचा बर्फ जंगलातल्या ट्रेलच्या आधी जातो. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आणि मोकळी शेतंही तशीच. दाट झाडीत ट्रेल छान राहतो आणि पुढच्याच वळणावर माती लागते, हे मार्चअखेरीस नेहमीचं.

दुपारी सगळं उलटं होतं. भुगा भरपूर, इंजिन थंड, पण बर्फ ओल्या वाळूसारखा जड. ट्रेलवर कंबरेला झटके देणारे उंचवटे तयार होतात, पेट्रोल जास्त जातं, इंजिनाची ताकद ट्रॅकला पोचवणारा बेल्ट तापतो. शिवाय मऊ बर्फात गाडी रुतली तर अडीचशे किलोच्या आसपासचं वजन उचलायला चौघं लागतात. दमलेल्या हातांनी शेवटचे वीस मैल मोजणं ही दुपारी निघणाऱ्यांची ठरलेली गत आहे.

ओढ्यांकडे विशेष लक्ष द्या. वितळलेलं पाणी बर्फाच्या खालून वाहतं आणि वरचं छप्पर तेवढं शिल्लक ठेवतं. ट्रेलवर हलका खळगा, राखाडी किंवा तपकिरी झाक, कडेला पाण्याचा आवाज, यांपैकी काहीही दिसलं किंवा ऐकू आलं तर थांबून पायी जाऊन बघा. सकाळी ज्या ओढ्यावरून तुम्ही सहज गेलात तो परतताना तसाच असेल हे गृहीत धरू नका.

आता तळी. इथे मी अगदी स्पष्ट सांगतो: मार्चअखेरीस तळ्यावर जाऊ नका. जाडी मोजून जाऊ असं कुणी म्हणेल. हिवाळ्यातल्या नव्या, स्वच्छ, काळसर बर्फासाठी जाडीचे ठोकताळे आहेत, मिनेसोटात स्नोमोबीलसाठी किमान पाच इंच वगैरे सांगतात. पांढऱ्या, दुधी बर्फाची ताकद त्याच्या साधारण निम्मी धरतात. पण वसंतात उन्हाने बर्फाच्या आत, उभ्या स्फटिकांच्या सांध्यांमधून वितळण सुरू होते. वरून फूटभर जाडीचा दिसणारा थर आतून उदबत्त्यांच्या सुट्या जुडग्यासारखा झालेला असतो. काठीने टोचला की उभ्या कांड्या सुटून पडतात. तिथे जाडीचा आकडा काहीच सांगत नाही. मिशिगनचं नैसर्गिक संसाधन खातं तर सुरक्षित जाडीचा आकडा द्यायलाच तयार नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. ओढा जिथे तळ्याला मिळतो, जिथून पाणी बाहेर पडतं, लाकडी धक्के, पाणवनस्पती, काठाची कड, ही ठिकाणं सगळ्यात आधी जातात. होटनमधून जाणाऱ्या जलमार्गात प्रवाह आहे, आणि लेक सुपीरियरचा बर्फ वारा फिरला की किनाऱ्यापासून सुटतो. कुणाच्या गाडीचे माग तळ्यावरून गेलेले दिसले तर ते कधीचे आहेत हे तुम्हाला माहीत नसतं. होटन-हँकॉकमध्ये पलीकडे जायला उचलता पूल आहे, हिवाळ्यात त्याच्या खालच्या मजल्यावरून स्नोमोबील जातात. तोच वापरा.

बर्फ भक्कम असला तरी त्यावर स्लश, म्हणजे पाणी आणि बर्फाचा लगदा, असू शकतो. वरच्या बर्फाच्या भाराने खालचा थर दबतो आणि भेगांतून पाणी वर येऊन पांढऱ्या थराखाली लपतं. ट्रेलवरच्या दलदलीतही हेच होतं. अचानक गाडी जड झाली आणि मागे राखाडी माग दिसला तर थांबू नका, वळू नका, एकसारखा थ्रॉटल ठेवून सरळ कोरड्या भागाकडे जा. बाहेर आल्यावर ट्रॅकमधला आणि सस्पेन्शनमधला लगदा लगेच काढा, नाहीतर रात्री तो दगड होतो आणि सकाळी गाडी हलत नाही.

कपड्यांबद्दल एवढंच: अंगाला लागणारा थर लोकर किंवा सिंथेटिक, सुती अजिबात नको. जास्तीचे हातमोजे घ्या. पाच अंश तापमानात घामाने भिजलेला माणूस संध्याकाळी वाऱ्यात गारठून खरोखर आजारी पडतो. हेल्मेट कायद्यानेच लागतं.

तारखेचं बंधन आहे ते विसरू नका. मिशिगनमध्ये ट्रेलचा सीझन 1 डिसेंबर ते 31 मार्च. त्यानंतर ग्रूमिंग बंद, आणि ट्रेलचा मोठा हिस्सा खाजगी जमिनींवरून जात असल्याने जमीनमालकांची परवानगीही तिथेच संपते. एप्रिलमध्ये ट्रेलवर बर्फ दिसला म्हणून घुसणाऱ्यांमुळे पुढच्या वर्षी तो रस्ताच बंद होतो. हा राग मी इथल्या लोकांच्या वतीने धरून आहे, कारण हे ट्रेल स्थानिक क्लबांच्या स्वयंसेवकांनी उभे केले आहेत. भाड्याच्या स्लेडवर चालू वर्षाचं ट्रेल परमिट चिकटवलेलं आहे ना, तेही बघा.

गुलमर्गमध्ये बहुधा मागे चालक बसलेला असतो आणि फेरी ठरलेली असते, त्यामुळे तिथला अनुभव इथे फार धरू नका. पहिला दिवस कॅल्युमेट गावाच्या आसपास छोट्या फेरीत घालवा, जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी द्वीपकल्पाच्या टोकाकडचं कॉपर हार्बर. तिथे झाडी दाट आहे आणि बर्फ जास्त टिकतो.

बुकिंग करताना दुकानाला विचारायचं ते असं: ट्रेल बंद झाला तर पैसे परत मिळतात का, स्क्रॅचर आहेत का, हायफॅक्स वितळला किंवा कार्बाइड गेले तर भरपाई कुणी करायची. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या, मार्चअखेरीस सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी परत फोन करून काल रात्री ग्रूमर फिरला का आणि ट्रेल सेट झाला का, एवढं विचारा. नाही म्हणाले तर तारीख पुढच्या जानेवारीत ढकला. तुमच्या तारखा आणि मुक्कामाचं गाव इथे खाली लिहिलंत तर कोणता ट्रेल सकाळी घ्यावा तेही सांगतो.