झोन राहू द्या, आधी पाय चालू द्या

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: शाळेचा १४ वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ आहे, पाचही जणी बॉलमागे धावतात, ड्रिबल करणारीच्या हातावर फटके मारतात, मध्यंतरापर्यंत दोघी-तिघी फाऊलमध्ये अडकतात. जिल्हा स्पर्धा सहा आठवड्यांवर आली आहे, तर सरळ २-३ झोन (पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीने मुलगी नाही तर आपली जागा सांभाळायची) लावावा का?

लावू नका. लावलात तर दोन-तीन मॅच जिंकाल, हे आधीच सांगतो. या वयात सहा नंबरचा बॉल ६.७५ मीटरवरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून, टाकणाऱ्या मुली फारच थोड्या. त्यात फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत बचाव करणारीला अमेरिकेतल्या एनबीए लीगसारखी, रिंगसमोर तीन सेकंदांपेक्षा जास्त नुसतं उभं न राहण्याची अट नाही, म्हणजे तुमची उंच मुलगी मॅचभर रिंगखाली उभी राहिली तरी चालतं. समोरच्यांना आत येता येत नाही, बाहेरून टाकता येत नाही. पण यात तुमच्या मुली बचाव शिकल्या कुठे? जपानमध्ये याच कारणाने १५ वर्षांखालच्या स्पर्धांत झोनवर बंदी आणली गेली. दोन वर्षांनी समोरची मुलगी बाहेरून शॉट टाकायला लागली की तुमच्या मुलींना तिच्यासमोर नुसतं उभं राहणंही जड जाईल.

आता फटक्यांचं. पाय थांबले की हात जातो, एवढंच त्याचं कारण. ‘हात मारू नकोस’ असं कितीही ओरडलात तरी फरक पडत नाही, कारण आजार हातात नाहीच. प्रत्येकीच्या गळ्यात नॅपकिन टाका आणि त्याची दोन्ही टोकं तिलाच धरायला लावा. साइडलाइन आणि रिंगसमोरचा आयत यांच्यामध्ये साधारण पाच मीटरची पट्टी असते, तिथे एकास एक खेळवा. बॉल काढून घ्यायचा नाही, फक्त समोरचीला दिशा बदलायला लावायची. मध्यरेषेपर्यंत तीनदा वळवलं की एक गुण. आठवड्याभरात पाय हलायला लागतात. मग नॅपकिन काढा, आणि हात गेला की गुण वजा करा.

पवित्र्याबद्दल एक. ‘खाली बस’ म्हटलं की मुली कमरेत वाकतात, गुडघे सरळच राहतात. त्याऐवजी ‘तुझं डोकं तिच्या डोक्याच्या खाली’ असं सांगा, गुडघे आपोआप वाकतात. खांद्याला हलका धक्का देऊन बघा. डुलली तर पाय जवळ आहेत. एका वेळी दहा-बारा सेकंद पुरे, त्यापुढे मांड्या भरून येतात आणि चुकीची सवय लागते. संघात खो-खो खेळलेली कोणी असेल तर तिला पुढे उभी करा. तिला टाच उचलून वळणं शिकवावं लागत नाही.

संपूर्ण कोर्टभर नागमोडी सरकत जाण्याचा सराव सगळीकडे चालतो. माझ्या मते त्याला अवाजवी महत्त्व मिळालंय. वॉर्मअपला ठीक आहे. ड्रिबल करणारी एकदा खांद्याच्या पुढे गेली की सरकत जाऊन कोणीच तिला गाठत नाही. तेव्हा वळायचं, सरळ धावायचं आणि पुढे जाऊन पुन्हा समोर उभं राहायचं. हे वेगळं शिकवावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी शिकवलंच जात नाही. नजर तिच्या पोटावर. डोळे आणि खांदे फसवतात, कंबर सहसा फसवत नाही.

सगळ्या बॉलकडे का धावतात? कारण त्यांना ‘तुझी मुलगी धर’ एवढंच माहीत असतं, आणि ती हरवली की उरतो फक्त बॉल. इथे चारास चारचा शेल ड्रिल घ्या. आक्रमण करणाऱ्या चौघी बाहेर उभ्या राहून नुसते पास देतील, शॉट नाही. बचाव करणाऱ्या प्रत्येकीचा एक हात बॉलकडे, दुसरा आपल्या मुलीकडे. दोन्ही दाखवता येत नसतील तर ती चुकीच्या जागी उभी आहे, तिला सांगावंही लागत नाही. बॉल आपल्या मुलीपासून एका पासवर असेल तर पासच्या वाटेत हात; दोन पासवर असेल तर एक पाय आतल्या आयतात. मधेच शिट्टी मारा, सगळ्या गोठल्या पाहिजेत, आणि कोण कुठे आहे ते त्यांनाच बघू द्या. खरी मेख वेळेची आहे: बॉल हवेत असतानाच हलायचं. पास पोहोचल्यावर हललात तर उशीर झालेला असतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो, तेव्हा सहापैकी तीन आठवडे इथेच गेले तरी घाबरू नका.

बोलायला शब्द तीनच ठेवा: ‘बॉल’, ‘हेल्प’, ‘शॉट’. मुलींना वर्षानुवर्षं ‘आरडाओरडा करू नका’ ऐकवलेलं असतं, त्यामुळे पहिला आठवडा नुसता आवाज फुटण्यात जातो. बॉलशिवाय शेल खेळवा, मोठ्याने बोललं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

शॉट टाकणारीकडे धावताना शेवटची दोन-तीन पावलं बारीक हवीत, एक हात वर. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर धूळ असते, आधी झाडून घ्या. नाहीतर मुली घसरण्याच्या भीतीने लांबच थांबतात आणि तुम्हाला वाटतं आळस आहे.

रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल घेताना, आधी आपल्या मुलीला पाठीने अडवायचं, मग बॉल. उंचीची सबब ऐकू नका. डेनिस रॉडमन जेमतेम दोन मीटरचा, तरी १९९२ ते १९९८ सलग सात मोसम एनबीएत रिबाउंडमध्ये पहिला होता.

सरावात गुणांची पद्धत उलटी करा: सलग तीन वेळा समोरच्यांना रोखलं तरच आक्रमणाची पाळी. आणि मॅचमध्ये फळ्यावर संघाच्या फाऊलकडे लक्ष ठेवा. क्वार्टरमध्ये चार झाले की बचाव करताना झालेल्या पुढच्या साध्या फाऊललाही समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात, तेव्हा ‘हात मागे, पाय पुढे’ एवढंच बाकावरून ओरडा.

जाता जाता गुडघ्यांचं. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त दिसते. उडी मारून उतरताना कोणाचे गुडघे आत वळतात का, हे पहिल्याच दिवशी समोर उभं राहून बघा. वळत असतील तर तिला उड्या वाढवण्याआधी दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला शिकवा.